मोरबाथचे संत जॉर्ज चर्च

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्समूर माळाच्या दक्षिण कडेला मोरबाथ हे खेडे आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम ३३ घरे होती आणि वस्ती दीडशेच्या आसपास. १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षे गावाचे धर्मगुरू एकच होते, ख्रिस्तोफर ट्रिची. गावापुढे दरवर्षी वाचले जाणारे चर्चचे जमाखर्च ते स्वतः लिहीत. ते कागद टिकले, म्हणूनच खेड्यातले चर्च कसे चालत असे हे इथे फार जवळून दिसते.

इंग्लंडमधील सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे वेदीकडच्या भागाची डागडुजी दशमांश (चर्चसाठी द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) घेणाऱ्याच्या माथी, तर लोक उभे राहत त्या मुख्य दालनाची गावाच्या माथी असे. या खर्चासाठी मोरबाथने लहान-लहान निधी उभारले होते. त्यांना ‘स्टोअर’ म्हणत. संत जॉर्ज, मारियामाता, संत सिडवेल यांच्या मूर्तींपुढच्या दिव्यांचा खर्च त्यांतून भागे. तरुणांचा आणि कुमारिकांचा निधी वेगळा, आणि प्रत्येकाचे वॉर्डन, म्हणजे हिशेब सांभाळणारे गावकरीही वेगळे. एवढ्याशा गावात जवळजवळ प्रत्येक घरावर कधी ना कधी हिशेबाची जबाबदारी येई.

बऱ्याच निधींचे भांडवल म्हणजे मेंढ्या. निधीची एखाद-दुसरी मेंढी शेतकऱ्याच्या कळपात चरे आणि तिची लोकर विकून आलेला पैसा निधीत जमा होई. मेंढी मेली किंवा हरवली तर तीही नोंद हिशेबात येई. मोठी मिळकत मात्र ‘चर्च-एल’ या मेजवानीची. चर्चच्या मालकीच्या चर्च-हाउसमध्ये ती भरे आणि तिथे विकलेल्या एलचा (एक प्रकारच्या बिअरचा) नफा निधीत जाई. हॉप (बिअर टिकवणारी कडवट फुले) न घातलेली एल लवकर आंबते, त्यामुळे ती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. गिऱ्हाईक कमी आले की नफा बुडालाच. शेजारच्या गावांचे लोक येणे म्हणूनच महत्त्वाचे, आणि त्यांच्या मेजवानीला आपण जाणेही.

१५३४ मध्ये चर्चमध्ये चोरी झाली. चोर शिडीने छपरावर चढला, शिडी वर ओढून घेतली, ती मनोऱ्याच्या खिडकीला लावली आणि खिडकी फोडून आत उतरला. मिस्साचा (कॅथलिक प्रार्थनाविधीचा) चषक आणि संत सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा जोडा गेला. तरुण आणि कुमारिकांनी आपसांत पैसे जमवून नवा चषक आणला, गावावर बोजा पडू दिला नाही. पण सगळेच इतके सलोख्याने होत नसे. चर्चच्या कारकुनाला कोणी काय द्यायचे यावरून याच दशकात काही वर्षे तंटा चालला होता.

मृतांच्या मिस्सासाठी काळी वस्त्रे घ्यावीत ही ट्रिची यांची मोठी इच्छा होती. चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरचा आपला दशमांश त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे बाजूला टाकला. १५४७ मध्ये ती वस्त्रे आली, आणि दोनच वर्षांत तो विधी कायद्याने बंद झाला.

राजाज्ञेने १५३८ मध्ये मूर्तींपुढचे दिवे विझले होते. प्रोटेस्टंट राजा सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत मूर्ती हटल्या, मेजवान्या थांबल्या, मेंढ्या विकल्या गेल्या. वरवर पाहता ही फक्त उपासनेतली सुधारणा. प्रत्यक्षात दिव्यांबरोबर निधी गेले, निधींबरोबर वॉर्डनपदे गेली, आणि तरुण-कुमारिकांना गावकारभारात असलेले स्थानही गेले. १५४९ मध्ये नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन आणि कॉर्नवॉल पेटले, तेव्हा एक्झिटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीत मोरबाथने पाच तरुण पाठवले. त्यांच्यावरचा खर्च चर्चच्या हिशेबातच सापडतो.

१५५३ मध्ये कॅथलिक मेरी राणी आली आणि लोकांनी घरी जपून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू परत आणल्या. तिच्यानंतर प्रोटेस्टंट एलिझाबेथच्या काळात पुन्हा सारे पालटले. ट्रिची तेव्हाही गावातच राहिले. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद विल्यम बटरफिल्ड यांनी चर्चचा जीर्णोद्धार केला. त्यामुळे ट्रिची यांच्या वेळचे चर्च आज इमारतीपेक्षा हिशेबांतच अधिक सापडते.