विधानसभा जिंकली म्हणजे परिषदही जिंकली?

प्रत्येक निकालानंतर हे वाक्य फिरतं, पण ते चूक आहे. विधान परिषद बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्रात 78 पैकी फक्त 30 जण आमदारांच्या मतांवर येतात. बाकीचे स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर, शिक्षक आणि राज्यपालनियुक्त. त्यामुळे सत्ता बदलली तरी परिषदेचं संख्याबळ हळूहळूच सरकतं.

आमदारांची मतंही गृहीत धरू नका. मतदान गुप्त असतं, मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे. जून 2022 मध्ये महाविकास आघाडीचं सरकार असताना भाजपने पाचही उमेदवार निवडून आणले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. पदवीधर मतदारांनी तर 2020 मध्ये भाजपचा नागपूरचा गडच काँग्रेसला दिला!