भ्रूणाला सोसेल तेवढीच हवा

आयव्हीएफच्या, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण वाढवण्याच्या, लॅबमध्ये अत्तर लावून जायची सोय नसते. डिओ, नेलपॉलिश, फिनेल, भिंतीचा ताजा रंग, सगळ्यालाच मज्जाव. वास येतो म्हणजे हवेत कसली तरी रसायनं उडत असतात. आईच्या पोटात ती रसायनं निकामी करायला तिचं यकृत असतं, काचेच्या-प्लास्टिकच्या डिशमधल्या भ्रूणामागे असं कोणी नसतं. भ्रूण वाढतो त्या पोषक द्रावणाच्या थेंबांवर तेलाचा थर दिलेला असतो खरा, पण यातली बरीच रसायनं तेलातच विरघळतात. म्हणून लॅबमध्ये येणारी हवा धुळीच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून घ्यावी लागते.

गाळलेली शुद्ध हवाही भ्रूणाला जशीच्या तशी मानवत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. भ्रूणाचे पहिले दिवस जातात त्या बीजवाहिनीत मात्र तो साधारण 2 ते 8 टक्केच असतो. जादा ऑक्सिजनमुळे पेशीत आक्रमक रेणू तयार होतात आणि ते डीएनएला इजा करतात. तरीही कित्येक वर्षं इनक्युबेटरमध्ये, म्हणजे भ्रूण ठेवायच्या उबदार पेटीत, साध्या हवेतच थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळत. भ्रूण वाढत होते, बाळंही जन्मत होती, त्यामुळे बदलायची घाई कुणाला नव्हती. आता पेटीत नायट्रोजन भरून ऑक्सिजन 5 टक्क्यांवर आणतात. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र पाहिले तर त्याने यशाचं प्रमाण वाढतं. फार नाही, पण वाढतं.

कार्बन डायऑक्साइडचं काम वेगळं. तो द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 7.2 ते 7.4 च्या आसपास धरून ठेवतो. इनक्युबेटरचं दार उघडलं की वायू निसटतो, द्रावण अल्कधर्मी होऊ लागतं. शिवाय उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून मुंबईत बसवलेला टक्क्यांचा आकडा पुण्यात थोडा वाढवावा लागतो. तापमानाचंही तसंच. स्त्रीबीजात गुणसूत्रं ओढून धरणारे बारीक तंतू असतात. बीज काही मिनिटं जरी खोलीच्या तापमानाला राहिलं तरी ते विस्कटू लागतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालची काचसुद्धा तापवलेली असते.

पहिले दोन-तीन दिवस भ्रूण आईच्या बीजात साठवलेल्या शिदोरीवर जगतो. चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर त्याची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात आणि गरजाही बदलतात: ऊर्जेसाठी आधी पायरुव्हेट हे साधं रसायन, नंतर ग्लुकोज. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेला भ्रूण, दिसला की एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये भ्रूण सांभाळणारे तज्ज्ञ) जरा निवांत होतात. आता टाइम-लॅप्स इनक्युबेटरमधला कॅमेरा दर काही मिनिटांनी फोटो काढतो. तो भ्रूण निवडून देतो म्हणून त्याचं कौतुक होतं. मला त्याचा खरा फायदा वाटतो तो दार न उघडण्याचा.

परिणाम पाच दिवसांपुरताच असतो असंही नाही. नेदरलँड्समध्ये 836 जोडप्यांवर दोन द्रावणांची तुलना झाली. निकाल 2016 मध्ये आला. कोणतं द्रावण वापरलं त्यानुसार बाळांच्या जन्मवजनात सरासरी 158 ग्रॅमचा फरक पडला होता. गंमत म्हणजे ज्या द्रावणात गर्भधारणा जास्त झाल्या, त्यातलीच बाळं वजनाला कमी भरली. अशा द्रावणांत कोणता घटक नेमका किती, हे बऱ्याच कंपन्या अजूनही सांगत नाहीत.