एसीतला गॅस संपत नसतो

उन्हाळा लागला की घरोघरी तक्रार सुरू होते: "एसी थंड करत नाही, गॅस संपला असेल." मेकॅनिक येतो, गेज लावतो, गॅस भरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खरं तर एसीतला गॅस वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. खोलीत द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होताना ती सोडतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गळलेला गॅस हवेत जातो, आणि तिथे तो फार काळ त्रास देतो. जुन्या एसींमधला आर-२२ हा गॅस एक किलो वातावरणात सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे हा एक किलो गॅस जवळपास ७९० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा. शिवाय त्यातला क्लोरीन ओझोनचा थर विरळ करतो. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत आर-२२च्याही पुढे आहे. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये असलेल्या आर-३२चा आकडा याच हिशेबात ६७५ आहे.

मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये क्लोरीन असलेल्या अशा वायूंचा ओझोनला असलेला धोका दाखवला. १९८७ मध्ये ओझोनचा थर वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात त्याला दुरुस्ती जोडली गेली, आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. हायड्रोफ्लुरोकार्बनचा, म्हणजे आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या वायूंचा वापर भारत २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवणार आहे, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी. करारांचा लगाम कारखान्यांना आणि आयातदारांना आहे. पण घराघरांतल्या यंत्रांत आधीच भरलेला गॅस नळीत राहणार की हवेत जाणार, हे खिडकीबाहेर उभं राहून पाना फिरवणारा मेकॅनिक ठरवतो. माझ्या मते शाश्वत विकासाच्या चर्चेत सर्वात दुर्लक्षित राहिलेला माणूस हाच.

त्याच्या कामात किती विज्ञान आहे पाहा. गळती शोधायला नळीत दाबाने नायट्रोजन भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. गळती बहुधा फ्लेअरच्या सांध्यावर, म्हणजे नळीचं तोंड फुलवून नटाने आवळलेल्या जोडावर, सापडते. नळीचं तोंड वाकडं उमललं किंवा नट कमी-जास्त आवळला गेला, की तिथून गॅस झिरपतो.

मग येतो व्हॅक्यूम पंप. नळीत राहिलेली हवा द्रव होत नाही. ती दाब वाढवते, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. ओलावा त्याहून वाईट. नव्या गॅसबरोबर वापरलं जाणारं तेल पाणी शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर जळू शकतो. पंप दाब इतका उतरवतो की नळीतलं पाणी साध्या खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ बनतं आणि बाहेर ओढलं जातं. याला वेळ लागतो. घाईत असलेला मेकॅनिक पंप बाजूला ठेवून थोडा गॅस सोडतो आणि त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलतो. त्यात हवा पूर्ण निघत नाही, ओलावा राहतो आणि गॅस मात्र वातावरणात जातो. शेवटी गॅस भरायचा तो काट्यावर तोलून, यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच.

पुढचा गॅस तर आणखी शिस्त मागतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी आहे. गोदरेजने सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनचे एसी बनवले आहेत. पण प्रोपेन पेट घेतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, आणि हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो. हा गॅस असलेल्या यंत्राला न शिकलेल्या माणसाने नळी जोडायची पेटती टॉर्च लावणं जिवावर बेतू शकतं. चांगला गॅस सर्वदूर पोचायचा तर आधी शिकलेले हात पोचायला हवेत.

हे शिक्षण मिळतं कुठे? आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण कितीतरी मुलं उस्तादाच्या हाताखाली शिकतात. त्यांचा हात तयार असतो, फक्त पंप का लावायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. केंद्र सरकारच्या २०१९च्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. दिशा अगदी योग्य. मात्र प्रमाणपत्रामुळे मेकॅनिकच्या मजुरीत फरक पडला नाही, तर तो दोन दिवसांचा रोज बुडवून वर्गात का बसेल? अमेरिकेत प्रमाणपत्राशिवाय एसीत भरायचे आर-२२, आर-४१०ए यांसारखे गॅस विकतही घेता येत नाहीत. आपल्याकडे असा नियम आणायचा तर आधी तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळचे, परवडणारे वर्ग हवेत. नाहीतर शिक्षा त्याच गरीब मुलांना होईल.

तोवर ग्राहक म्हणून दोन प्रश्न विचारता येतात: गळती नेमकी कुठे सापडली, आणि व्हॅक्यूम पंप आणला आहे का? मेकॅनिकने "आणलाय, पण तासभर जास्त लागेल" असं सांगितलं, तर त्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.