मॉडेलमधल्या सांडव्याला खड्डा का पडत नाही?

धरणातलं जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याचं काँक्रीट उखडल्याची बातमी आली की हमखास कुणीतरी विचारतं, "मॉडेलवर चाचणी केली होती ना? मग?" सूर असा, की मॉडेलने फसवलं. खरं तर मॉडेलला तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

1:50 च्या, म्हणजे धरणाच्या 50 पट लहान मॉडेलमध्ये फ्रूड अंक जुळवतात, म्हणजे जडत्व आणि गुरुत्व यांचं नातं मूळ धरणाइतकंच ठेवतात. मग वेग सुमारे 7 पट कमी होतो आणि विसर्ग साधारण 17,700 पट. पाणी किती जाईल, पायथ्याशी उसळी कुठे बसेल, हे असं मॉडेल चोख सांगतं.

पण हवेचा दाब 50 पट कमी कोण करणार? तो प्रयोगशाळेतही सुमारे 10 मीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच. समजा, मॉडेलमध्ये एका वळणावर दाब वातावरणापेक्षा 20 सेंटिमीटरने खाली गेला. तिथे काहीच घडत नाही. प्रत्यक्षात तेच 10 मीटर होतात, म्हणजे दाब जवळजवळ संपतो आणि पाणी थंड असूनही उकळतं! वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात शिरून फुटतात आणि काँक्रीटवर घणासारखे घाव घालतात. हेच कॅव्हिटेशन. दाब असा खाली जायला निमित्तही क्षुल्लक पुरतं. काँक्रीटच्या सांध्यावरचा 5 मिलिमीटरचा उंचवटा 1:50 ने 0.1 मिलिमीटर होतो, केसाच्या जाडीएवढा. गुळगुळीत ॲक्रिलिकमध्ये तो कोण कोरणार?

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणात 1983 च्या पुरात हेच झालं. सांडव्याच्या बोगद्यात चुन्याच्या क्षारांचे थर साचले होते. तिथून सुरुवात झाली. एका खड्ड्याच्या कडेने पुढचा खड्डा पाडला, त्याने त्याच्या पुढचा. सर्वांत मोठा सुमारे 10 मीटर खोल.

(संगणकावरच्या रंगीत प्रवाहचित्रांनी भारावलेल्यांनी लक्षात घ्यावं: प्रवाहाचं गणित ज्या चौकटींच्या जाळीवर करतात, तिच्यात तो उंचवटा भरला नसेल, तर संगणकालाही दिसत नाही.)

जाणकार म्हणून मॉडेलमधला दाब आणि वेग घेऊन कॅव्हिटेशन अंक (वेगाच्या मानाने पाण्याचा दाब उकळण्यापासून किती दूर आहे, त्याचं माप) वेगळा काढतात. तो 0.2 च्या खाली घसरला, की तळाशी हवा सोडणारी खाच ठेवतात. पाण्यात 7-8 टक्के हवा मिसळली की बुडबुड्यांचा मार बोथट होतो. गंमत म्हणजे ही हवासुद्धा छोट्या मॉडेलमध्ये कमीच शोषली जाते, कारण पाण्याचा पृष्ठभाग घट्ट धरून ठेवणारा पृष्ठताणही मॉडेलच्या मापात घटत नाही. ग्लेन कॅन्यनच्या बोगद्यात खाच बसवल्यावर 1984 मध्ये खरंखुरं पाणी सोडूनच चाचणी घेतली. काँक्रीट शाबूत राहिलं.