प्रतिपालक कुटुंब व्हायचंय? सोलापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं, गृहभेट आणि प्रशिक्षणाची माहिती

बालगृहात राहणारं प्रत्येक मूल अनाथ असतंच असं नाही. कुणाची आई दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचे वडील तुरुंगात असतात, कुणाला तर वर्ष उलटलं तरी भेटायला घरचं कुणी फिरकलेलं नसतं. आईवडील कागदोपत्री असल्यामुळे अशी मुलं सहसा दत्तक जाऊ शकत नाहीत. त्यांना काही महिने किंवा काही वर्षं एखाद्या घरात, घरच्यासारखं वाढता यावं यासाठी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजेच फॉस्टर केअरची तरतूद आहे.

दत्तकाशी याची गल्लत करू नका. दत्तक घेतलेलं मूल कायद्याने कायमचं तुमचं होतं, त्याला तुमचं नाव आणि वारसाहक्क मिळतो. प्रतिपालकत्वात मूल तुमच्या घरी राहतं, पण त्याच्याबद्दलचा अंतिम निर्णय बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत कायद्याने निर्णय देणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या हाती असतो. जन्मदाते आईवडील समितीच्या परवानगीने त्याला भेटू शकतात. ते पुन्हा सांभाळण्यास योग्य झाले असं समितीला वाटलं, तर मूल त्यांच्याकडे परत जातं. अर्ज भरण्याआधी या शेवटच्या वाक्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूल आपल्याकडे कायमचं राहील या आशेनेच कुणी अर्ज करत असेल, तर त्यांच्यासाठी दत्तकाची वाट वेगळी आणि सरळ आहे.

आणखी एक गल्लत बालसंगोपन योजनेशी होते. वडील गेले, आई एकटी आहे, किंवा नातवाला आजी सांभाळते आहे, अशा घरांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. आजी, मामा, मावशी यांनी आधी याच योजनेची चौकशी करावी. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः नात्याबाहेरचं मूल सांभाळू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

कोण अर्ज करू शकतं

केंद्र सरकारने २०२४ मध्ये प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. २०१६ च्या सूचनांचा भर विवाहित दांपत्यांवर होता. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी सोपवली जात नाही. दांपत्य असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन हवं आणि दोघांचं मिळून वय किमान ७० हवं. एकट्या व्यक्तीचं वय किमान ३५ असावं. मूल ६ ते १२ वर्षांचं असेल तर एकट्या व्यक्तीसाठी वरची मर्यादा ५५, आणि १२ ते १८ वर्षांचं असेल तर ६०.

उत्पन्न किती हवं, हा प्रश्न हमखास येतो. कसोटी अशी की घर आपल्या कमाईवर चालत असावं, मुलासाठी मिळणाऱ्या अनुदानावर नव्हे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम मुलाच्या शाळेसाठी, जेवणासाठी, औषधपाण्यासाठी असते. त्यामुळे विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबाने आपण गरीब म्हणून बाद होऊ असं समजू नये. कुंभारीच्या विडी घरकुलातलं लहानसं घरही चालू शकतं. मुलाला झोपायला, अभ्यासाला आपली जागा आहे का, पाणी आणि शौचालयाची सोय नीट आहे का, एवढं पाहिलं जातं. स्वतंत्र खोली, एसी यांची अट नाही.

घरातल्या कुणावरही गुन्हा सिद्ध झालेला नसावा. सर्वांची प्रकृती ठीक असावी. इथे ‘सर्व’ म्हणजे त्या छपराखाली राहणारे सगळे, अगदी सासरे आणि धाकटा दीरसुद्धा.

कोणत्या वयाचं मूल

साधारण ६ ते १८ वर्षांचं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी दत्तकाचा मार्ग आधी पाहिला जातो आणि दत्तकयोग्य ठरलेलं मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही, असं कलम ४४ मध्येच म्हटलं आहे. म्हणजे तान्हं बाळ मिळेल ही अपेक्षा धरून येऊ नका. समोर येईल ते दहा वर्षांचं, बालगृहात राहिलेलं, आईची आठवण पक्की असलेलं मूल. भावंडं असतील तर शक्यतो त्यांना एकत्रच ठेवायचं, असंही कायदा सांगतो.

कागदपत्रं

अर्जदारांचा जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन, कुटुंबाचा फोटो, राहण्याचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र (किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, जोडीदाराचा मृत्यू दाखला), उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं, आणि चारित्र्य पडताळणी. स्थानिक कार्यालय यात एखाददुसरी भर घालू शकतं.

यातल्या तीन कागदांना वेळ लागतो, म्हणून ते आधी हातात घ्या. पहिला उत्पन्नाचा. नोकरदारांकडे पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र असतंच. रोजंदारीवाल्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढावा, त्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. दुसरा चारित्र्य पडताळणीचा. शहरात राहणाऱ्यांसाठी सोलापूर शहर पोलीस आयुक्तालय आणि बार्शी, मोहोळ, सांगोला, करमाळा अशा तालुक्यांसाठी सोलापूर ग्रामीण पोलीस, ही हद्द नीट पाहून अर्ज करा. चुकीच्या हद्दीत गेलेला अर्ज परत फिरून येण्यातच दिवस जातात. तिसरा वैद्यकीय. क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या घरातल्या सर्वांच्या व्हाव्या लागतात. सिव्हिलमध्ये एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच दिवशी गेलेलं बरं. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरं असेल, तर तेही आधीच दुरुस्त करून घ्या. तेलुगू आणि कन्नड आडनावांच्या बाबतीत हे फार घडतं.

अर्ज कुठे करायचा

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर ऑनलाइन होते. ती माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दिसते. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या यंत्रणेत येतो. ऑनलाइन जमत नसेल तर थेट तिथे जाऊन संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य) यांना भेटा. गावात अंगणवाडी सेविका किंवा ग्राम बाल संरक्षण समितीचे सदस्यही वाट दाखवू शकतात. माझं तर मत आहे की चांगली कुटुंबं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा अशाच ओळखीतून मिळतात. कोणत्या घरात शेजारची पोरं हक्काने जेवायला बसतात, हे बचत गटातल्या बायकांना कुठल्याही कार्यालयापेक्षा चांगलं ठाऊक असतं. बचत गटांच्या आणि शाळेच्या पालक सभांमध्ये या योजनेची माहिती सांगितली गेली पाहिजे.

गृहभेट

कागद पूर्ण झाले की सामाजिक कार्यकर्ता किंवा संरक्षण अधिकारी घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतात. खरी छाननी इथेच होते. अनेक घरं या भेटीला घाबरतात. घराला रंग काढला जातो, नवी चादर अंथरली जाते. पाहणाऱ्याचं लक्ष तिकडे नसतं. तुमचा स्वतःचा मुलगा पाहुण्यांसमोर मोकळेपणाने बोलतो का, आजोबांना हा निर्णय खरोखर मान्य आहे का, नवरा-बायकोचं उत्तर एकच आहे की एकाने पढवलेलं आहे, याकडे असतं.

प्रश्न खासगी वाटतील. मूल का हवंय? स्वतःचं मूल दगावलं असेल तर ते दुःख कुठवर पोहोचलं आहे? दारू, कर्ज, भांडणं? मुलाने खोटं बोललं किंवा चोरी केली तर काय कराल? घरकामाला, दुकानात किंवा मागावर मदतीला हात हवा म्हणून कुणी मूल मागत नाही ना, हेही तपासलं जातं आणि ते तपासलंच पाहिजे. मुलाची जात, धर्म विचारून मगच पुढे बोलू, असं म्हणणारं घरही अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. शेजाऱ्यांशी, शिफारस देणाऱ्यांशी स्वतंत्र बोलणं होतं. याचा राग मानू नका. ज्या मुलाला एकदा घर तुटण्याचा अनुभव आहे, त्याला दुसऱ्यांदा चुकीच्या दारात पाठवणं हा फार मोठा अन्याय आहे, आणि तो टाळण्याचा दुसरा उपाय नाही.

भेटीत खरं सांगा. ‘आम्हाला मोठ्या मुलाची भीती वाटते’ असं स्पष्ट सांगणाऱ्या कुटुंबाला योग्य वयाचं मूल सुचवता येतं. सगळ्याला हो म्हणणाऱ्या घराबद्दल काहीच कळत नाही.

प्रशिक्षण

निवड होण्यासाठी प्रशिक्षणाला, समुपदेशनाला येण्याची तयारी असणं ही अटच आहे. त्याला मान हलवून उरकायची बैठक समजू नका. बालगृहातून आलेलं मूल पहिल्या आठवड्यात उशीखाली पोळी लपवून ठेवतं, अंथरूण ओलं करतं, किंवा इतकं शहाण्यासारखं वागतं की तुम्हाला वाटावं सगळं सुरळीत आहे. मग महिन्याभराने ते एकदम बिथरतं. हे कृतघ्नपणाचं लक्षण नसतं. इथून पण आपल्याला हाकलतील का, हे ते आजमावत असतं. हे आधी कळलेलं असेल तर हात उगारला जात नाही. मुलाला मारहाण, छळ किंवा दुर्लक्ष करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हाही आहे.

प्रशिक्षणात पोक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा), मुलाच्या खऱ्या आईवडिलांबद्दल घरात कसं बोलायचं, आणि गोपनीयता हे विषय नीट समजून घ्या. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आमच्या घरी आलेली लेक’ असा फोटो फेसबुकवर, स्टेटसला टाकू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

सोलापुरात आणखी एक गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे घरची भाषा. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, कित्येक मोहल्ल्यांत दखनी. मूल कोणत्या भाषेत रडतं, कोणत्या भाषेत स्वप्नात बडबडतं, हे घर ठरवताना पाहायला हवं. अर्जात घरी बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषा लिहा. तेलुगू बोलणारी आजी घरात असेल, तर आवर्जून सांगा.

आदेश आणि त्यानंतर

मुलाचाही अध्ययन अहवाल होतो. मूल आणि कुटुंब यांची गाठभेट घडवली जाते, मुलाचं म्हणणं ऐकलं जातं. प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीची शिफारस आली की बाल कल्याण समिती आदेश देते आणि कुटुंब हमीपत्रावर सही करतं. मुदत एक वर्षापर्यंत असेल तर अल्पकालीन, त्याहून जास्त असेल तर दीर्घकालीन. त्यानंतर दरमहा पाहणी होते. सांभाळ नीट नसेल तर मूल दुसरीकडे हलवलं जातं. दोन वर्षं नीट गेली आणि दरम्यान मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालं, तर त्याच कुटुंबाला दत्तकाचा विचार करता येतो. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

शाळेची काळजी करू नका. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होतो म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो.

सापडलेलं मूल घरी ठेवून घेऊ नका

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, एरवी सोलापूर स्टेशनवर चुकलेली मुलं भेटतात. भल्या मनाची माणसं त्यांना घरी नेतात, जेवू घालतात आणि मग ‘आम्हीच सांभाळतो’ म्हणतात. असं करता येत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा पोलिसांना कळवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. न कळवणं हाही गुन्हा आहे.

या प्रक्रियेत मूल मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते मुलांच्या खरेदी-विक्रीच्या गुन्ह्यात मोडू शकतं आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ खाली त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मध्यस्थाला दारात उभं करू नका. अर्ज स्वतः द्या, पोहोच घ्या, आणि तिथेच विचारून घ्या की सध्या कोणत्या वयाच्या, कोणती भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी घरं हवी आहेत, आणि पुढचं प्रशिक्षण कधी आहे.