होमस्टे, पॅन आणि न जुळणारं नाव

दापोली-गुहागरपासून पाळोळेपर्यंत, घर किंवा घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक तक्रार हमखास निघते. बुकिंगच्या ॲपवर पॅन भरला, ‘तपशील जुळत नाही’ असं उत्तर आलं, आणि मग जास्तीचा टीडीएस, म्हणजे पैसे हाती यायच्या आधीच कापला जाणारा आयकर, कापला जायला लागला. राग ॲपवर निघतो. खरं तर ॲप हा या साखळीतला शेवटचा कारकून. गाठ पडलीय ती त्याच्या कितीतरी आधी.

पॅन १९७२ साली आला आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १३९ए मुळे १९७६ पासून त्याला वैधानिक रूप मिळालं. त्याआधी करदात्याची ओळख म्हणजे जीआयआर, जनरल इंडेक्स रजिस्टरमधला अनुक्रमांक. तो आयकर विभागाच्या ज्या वॉर्डाचा, त्याच वॉर्डात चालायचा. बदली झाली, पत्ता बदलला की नवा. पहिल्या मालिकेतले पॅनही हातानेच वाटले गेले आणि त्यात एकवाक्यता नव्हती. आज आपण ओळखतो तो दहा अक्षरांचा पॅन १९९५ पासूनचा. त्यातलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: व्यक्तीला ‘पी’, हिंदू अविभक्त कुटुंबाला ‘एच’. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही, पाचवं अक्षर माहेरचंच राहतं, आणि त्यात काही चूक नाही. तरीही ‘नवीन नावाचा नवीन पॅन’ काढून बसलेल्या बायका आणि त्यांना तो काढून देणारे एजंट दोन्ही भेटतात. दोन पॅन बाळगल्यास दहा हजारांचा दंड आहे.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. पॅनच्या अर्जात पूर्ण नावाखाली आणखी एक रकाना असतो: कार्डावर नाव कसं छापून हवं? तिथे अनेकांनी वर्षांपूर्वी ‘एस. डी. परब’ लिहून दिलं. कार्डावर ते छापलं गेलं, पण विभागाच्या नोंदीत आडनाव, नाव, मधलं नाव वेगवेगळं आणि पूर्ण बसलं. होस्ट, म्हणजे घर देणारा, कार्ड समोर ठेवून अक्षरन् अक्षर बरोबर भरतो, पडताळणी मात्र नोंदीशी होते. कार्ड खरं, माणूस खरा, तरी उत्तर ‘नाही’.

दुसरी नोंदवही आधारची. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. हेतू करवसुलीचा नव्हताच. सरकारी लाभ योग्य माणसापर्यंत पोचावा, हा होता. नोंदणी भराभर झाली. नाव मराठीत सांगितलं, रोमन लिपीतलं स्पेलिंग केंद्रावरच्या यंत्राने सुचवलं किंवा ऑपरेटरने ठरवलं. सुरुवातीच्या कार्डांवर बऱ्याच वेळा जन्माचं फक्त सालच असे. महाराष्ट्रात त्यात १ जूनची भर: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली ही तारीख हजारो दाखल्यांवर आहे, पॅनवर ती चढली आणि आधारवर घरच्यांनी सांगितलेली दुसरीच. आपल्याकडे कागदोपत्री आडनाव आधी लिहायची रीत, आधारवर ते शेवटी. एवढ्या फरकांवर दोन्ही वह्या वर्षानुवर्षं सुखाने वेगवेगळ्या नांदल्या.

२०१७ च्या वित्त कायद्याने कलम १३९एए आणून त्यांना समोरासमोर बसवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ही जोडणी टिकली. मुदती इतक्या वेळा वाढल्या की लोकांनी त्या मनावर घेणंच सोडलं. मार्च २०२२ नंतर आधी पाचशे, मग हजार रुपये शुल्क लागलं, आणि १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे. क्रमांक तुमचाच राहतो, पण परतावा मिळत नाही आणि टीडीएस चढ्या दराने कापला जातो.

ॲपवाल्यांचा संबंध आला तो यादरम्यान. वित्त कायदा २०२० मधून कलम १९४-ओ आलं आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. त्यानुसार ऑनलाइन मंचाने निवासी (करासाठी भारतातला रहिवासी) विक्रेत्याच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या एकूण रकमेवर टीडीएस कापायचा. मूळ दर १ टक्का, कोविडच्या सवलतीमुळे सुरुवातीला ०.७५, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर व्यक्तीला किंवा अविभक्त कुटुंबाला कपात नाही, पण पॅन किंवा आधार दिलेला असला तरच. पॅन नसेल तर दर थेट ५ टक्के. सहा लाखांच्या बुकिंगवर ०.१ टक्क्याने सहाशे रुपये जातात. पडताळणीत अडकलात तर तीस हजार. दर उतरल्यामुळे ही दरी आणखी रुंद झाली, त्यामुळे पूर्वी चालून जाणारं स्पेलिंग आता खिशाला बोचतं.

कोकणातली आणखी एक गुंतागुंत निव्वळ कौटुंबिक आहे. सातबारावर आजोबांपासूनची सहा नावं, ॲपवर खातं पुतण्याचं, पैसे जातात काकूंच्या बँक खात्यात. टीडीएस मात्र ज्याचा पॅन त्याच्या आयकराच्या वार्षिक कर-पत्रकात (२६एएस) दिसणार, आणि तेवढं उत्पन्नही त्याचंच धरलं जाणार. घर अविभक्त कुटुंबाचं असेल तर ‘एच’वाला पॅन आणि त्याच नावाचं बँक खातं हवं, पुतण्याच्या वैयक्तिक पॅनवर ते बसत नाही.

गोव्यात तर कायदाच निराळा. पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या जोडप्यांसाठी आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५ए आलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं. ॲपला याची गंधवार्ता नाही, ते एकाच पॅनवर सगळं कापतं. म्हणून विवरणपत्रातलं ५ए परिशिष्ट भरून उत्पन्नाबरोबर टीडीएसही जोडीदाराकडे वळवावा लागतो. हे विसरलं की एकाच्या नावावर कर जास्त आणि दुसऱ्याला नोटीस, असा प्रकार होतो.

परदेशातल्या मराठी माणसांची अडचण वेगळी. अनिवासींना आधार-जोडणीतून सूट आहे, पण विभागाच्या नोंदीत ते ‘निवासी’च राहिले असतील तर यंत्रणेला ते कसं कळणार? २०२३ च्या जुलैत असे कितीतरी पॅन निष्क्रिय झाले आणि विभागाला जाहीर सांगावं लागलं की आपल्या अधिकारक्षेत्रातल्या कर अधिकाऱ्याकडे निवासी दर्जा बदलून घ्या. शिवाय ॲपची ही कपात निवासींनाच लागू. पुण्याचा फ्लॅट न्यू जर्सीत बसून भाड्याने देणाऱ्याने जुना निवासी पॅन भरून मोकळं व्हायचं, हे बरोबर नव्हे.

दुरुस्ती करायची तर क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तो उलटा धरतात: ॲपला मेल, मग पुन्हा मेल. आधी आयकराच्या पोर्टलवर पॅन सक्रिय आहे का आणि नोंदीतलं नाव नेमकं काय, ते पाहावं. मग आधार आणि पॅन यांपैकी चुकीचं कोणतं ते ठरवावं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा शक्य असेल तिथे पॅन बदललेला बरा. त्याचा दुरुस्ती अर्ज थोडक्या शुल्कात होतो. फरक मोठा असेल तर पॅन सेवा केंद्रावर बोटांचे ठसे देऊन जोडणी करण्याची सोय आहे. जोडणी झाली की नोंदीतलं नाव जसंच्या तसं ॲपवर भरायचं, कार्डावरचं नाही. आधी जास्त कापलेली रक्कम ॲप बहुधा परत देत नाही. ती विवरणपत्रातूनच मागायची.