पार्श्वभूमी : किशोरवयीन रुग्णांची मानसिक सुरक्षितता

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत दाखल मुलांना भेटण्यासाठी आई-वडिलांना आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच परवानगी असे. आई दिसली की मूल रडते, तेव्हा ती न आलेलीच बरी, अशी तिथली समजूत होती. मनोरुग्णांसाठी काम करणारे समाजसेवक व संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दाखवलेल्या चित्रफितीत, आठ दिवस दाखल असलेली दोन वर्षांची मुलगी हळूहळू मिटत जाताना दिसली आणि या समजुतीला तडा गेला. पुढे रुग्णालयातील मुलांविषयीच्या ब्रिटिश सरकारी समितीच्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांच्या भेटीवरील बंधने उठवण्याची शिफारस केली.

हा लढा प्रामुख्याने लहानग्यांचा होता. चौदा-पंधरा वर्षांच्या रुग्णाला आई जवळ हवी असते, पण मासिक पाळी, तंबाखू किंवा जगणे नकोसे वाटणे यांविषयी तिच्यादेखत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. अमेरिकेतील बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. रॉसवेल गॅलाघर यांनी १९५१ मध्येच किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला होता. अमेरिकेत १९७२ मध्ये आकाराला येऊन १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली किशोरवयीनांच्या मुलाखतीची ‘हेड्स’ (विचारायच्या विषयांची इंग्रजी आद्याक्षरे) पद्धत आजही वापरात आहे. पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून डॉक्टर आधी घर आणि शाळेविषयी विचारतात, आणि विश्वास बसल्यावरच व्यसन, लैंगिकता व आत्महत्येच्या विचारांकडे वळतात. हा क्रमच मला या पद्धतीचे खरे बळ वाटतो. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० मध्ये कर्करोगग्रस्त किशोरांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला, तेव्हा समवयस्कांच्या सोबतीलाही उपचारात स्थान मिळाले.

आपल्याकडे अनेक रुग्णालयांत बालरुग्ण विभागाची वयोमर्यादा बारा वर्षांची असते. तेरा वर्षांच्या मुलीची खाट थेट स्त्रियांच्या वॉर्डात पडते आणि राऊंडच्या वेळी तिची सारी माहिती शेजारच्या खाटांपर्यंत ऐकू जाते. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटाचा स्वतंत्र विचार केला आणि महाराष्ट्रात त्याची किशोरांना सल्ला देणारी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. परंतु तो आधार मुख्यतः बाह्यरुग्णांसाठी आहे, वॉर्डात दाखल झालेल्यांसाठी नाही. त्यातच २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले असल्याने, कोणती गोष्ट आपल्यापाशीच राहील आणि कोणती कळवावी लागेल, हे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारण्याआधीच स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते.